माइक घेतला की आणखी काय काय घ्यावं लागतं?

शूटिंगच्या जागी आवाज टिपायला माइक कुठला घ्यावा, रेकॉर्डर कुठला, आधी काय अपग्रेड करावं? शॉर्ट फिल्म करणारा प्रत्येकजण हे विचारतो. गंमत म्हणजे आमच्या कोल्हापुरात हेच प्रश्न १९३१ साली पडले होते, तेही अख्खी कंपनी पणाला लागलेली असताना!

बाबूराव पेंटरांनी इथे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, कॅमेरासुद्धा इथेच बनवला. त्यांच्या हाताखाली तयार झालेले दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णींना सोबत घेऊन १ जून १९२९ ला त्यांनी 'प्रभात' सुरू केली. मूकपट चांगले चालले होते. आणि १४ मार्च १९३१ ला मुंबईत 'आलम आरा' लागला. झालं! दोन वर्षांच्या कंपनीची सगळी यंत्रसामग्री एका झटक्यात जुनी ठरली.

आता वाटेल, माइक आणा की झालं. पण नाही ना! मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवायचे, वेग थोडा कमीजास्त झाला तरी चालायचं. आवाज आला की सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे २४च. म्हणून मोटर हवी. कॅमेरा खडखडतो, म्हणून त्याला पेटीत कोंडा. मूकपटाला उघड्यावरचं ऊन पुरायचं, पण तिथे कावळेही ओरडतात. मग बंद स्टुडिओ, मग दिवे, मग वीज... एक लायब्ररी अपग्रेड करायला जावं आणि सगळं डिपेंडन्सीचं झाड हलावं, तसंच हे.

शिवाय आवाज टिपायचा कुठे? 'आलम आरा'ला वापरलेल्या 'टॅनार' यंत्रात चित्र आणि आवाज एकाच फिल्मवर. स्वस्त आणि सुटसुटीत. पण अशा पद्धतीत आवाज त्याच्या चित्रापासून सुमारे २० चौकटी दूर असतो. चित्र जिथे कापाल तिथे आवाज कापला जातो दुसऱ्याच शब्दावर! दोन वेगळ्या फिल्मवर टिपलं की ही कटकट संपते, पण मग दोन्ही यंत्रं तंतोतंत एका वेगाने चालायला हवीत. म्हणजे पैसे आज वाचवायचे की संकलनाच्या टेबलावर मोजायचे, एवढाच प्रश्न. आणि यंत्राने बाहेरचा गोंगाट थांबत नाहीच. 'आलम आरा'चा स्टुडिओ रेल्वेलाइनजवळ, म्हणून गाड्या थांबल्यावर रात्री शूटिंग करत.

'प्रभात'मध्ये आवाजाचं खातं विष्णुपंत दामल्यांनी घेतलं. हा मूळचा चित्रकार, पडदे रंगवणारा माणूस! पण यंत्र उघडून समजून घेण्याची हौस पेंटरांच्या कंपनीतच लागलेली. १९३२ साली कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' तयार झाला, मराठी आणि हिंदी दोन्हींत. मराठीतला पहिला बोलपट तोच मानला जातो. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला गेली. त्या जागेत आज एफटीआयआय आहे.

उलट, महाराष्ट्र फिल्म कंपनी बोलपटाच्या सुरुवातीलाच बंद पडली. कारण फक्त आवाज नव्हे. यंत्रं समजणारी माणसं आधीच निघून गेली होती. स्वतः पेंटरांना आपल्या १९२५ च्या 'सावकारी पाश'ची बोलपट आवृत्ती १९३६ मध्ये दुसऱ्या कंपनीसाठी करावी लागली. कॅमेरा बनवणाऱ्या माणसावर ही वेळ यावी, याचं वाईट वाटतं.

आणि अपग्रेड नेहमी पुढेच नेतं असंही नाही. पुढे हलके कॅमेरे आले, बाहेर शूटिंग सोपं झालं. पण त्यातले बरेच इतके खडखडायचे की जागेवरचा आवाज नुसता संदर्भापुरता उरला आणि डबिंग हाच नियम झाला. २००१ मध्ये 'लगान'ने सगळं जागेवरच टिपलं, तेव्हा ते नवीन वाटलं! खरं तर 'अयोध्येचा राजा'च्या वेळी दुसरा मार्गच नव्हता.

त्यामुळे माइकची यादी करण्याआधी दोन गोष्टी बघा: जागा किती शांत आहे, आणि ते यंत्र उघडून समजून घेणारा माणूस टीममध्ये कोण आहे. तो नसेल, तर महागडा माइक शेजारचा पंखाच जास्त स्पष्ट ऐकवेल.