दोन काठ, एक वाट : सागरी कायदा करारातील कलम ४१ वर भाष्य

संयुक्त राष्ट्रांचा सागरी कायदा करार १९८२ मध्ये सह्यांसाठी खुला झाला, १६ नोव्हेंबर १९९४ पासून लागू झाला. भारताने तो १९९५ मध्ये मंजूर केला. त्याचा तिसरा भाग सामुद्रधुन्यांविषयी आहे. जिथे पाणी दोन-तीन राष्ट्रांचे आणि जहाजे साऱ्या जगाची, तिथे वाट कोणी आखायची, हा कलम ४१ चा विषय. विद्यार्थ्याने सातही पोटकलमे आधी सलग वाचावीत, मग एकेकापाशी थांबावे. खाली प्रत्येकाचा आशय आधी दिला आहे.

(१) सामुद्रधुनीकाठची राष्ट्रे, सुरक्षित मार्गक्रमणासाठी आवश्यक असेल तेथे, या भागाला अनुसरून सागरी मार्गिका नेमू शकतात आणि वाहतूक विभाजन योजना घालून देऊ शकतात.

सागरी मार्गिका म्हणजे जहाजांनी जिथून जावे असा आखलेला पट्टा. वाहतूक विभाजन योजना म्हणजे समोरासमोरून येणाऱ्या जहाजांना वेगळ्या एकदिशा मार्गिका देणे. 'शकतात' म्हणजे हा अधिकार आहे, सक्ती नाही. पण अधिकारावर अटी आहेत. हेतू सुरक्षित मार्गक्रमणाचा हवा, आणि तशी गरज हवी. याचा अर्थ, केवळ परक्या जहाजांना लांबचा फेरा पडावा म्हणून आखलेली मार्गिका येथे बसत नाही. 'या भागाला अनुसरून' हे शब्दही सोडू नयेत. याच भागातील कलम ४४ सांगते की पारगमनात अडथळा आणू नये, ते स्थगितही करू नये. पारगमन म्हणजे न रेंगाळता, सलग आरपार जाणे. म्हणजे काठच्या राष्ट्राला वाट आखता येते, बंद करता येत नाही.

(२) परिस्थितीनुसार, रीतसर प्रसिद्धी देऊन, जुन्या मार्गिका वा योजना बदलता येतात.

गाळ साचतो, जहाजे मोठी होतात. म्हणून बदलाची सोय. प्रसिद्धीचा उल्लेख बदलाच्या आधी आहे, हे लक्षात घ्यावे. म्हणजे आधी सर्वांना कळवायचे, मग बदलायचे.

(३) मार्गिका आणि योजना सर्वमान्य आंतरराष्ट्रीय नियमांशी सुसंगत हव्यात.

हे नियम म्हणजे मुख्यतः समुद्रातील टक्कर टाळण्याचे १९७२ चे नियम, जे १५ जुलै १९७७ पासून लागू झाले. त्यांतील दहावा नियम विभाजन योजनांचा आहे: आपल्या मार्गिकेतून ठरलेल्या दिशेनेच जावे, आणि मार्गिका ओलांडणे भागच पडले तर शक्य तितके काटकोनात ओलांडावी. अट का, ते उघड आहे. डोव्हरची सामुद्रधुनी पार केलेल्या कप्तानाला सिंगापूरला नवे व्याकरण शिकावे लागू नये.

(४) मार्गिका वा योजना ठरवण्याआधी किंवा बदलण्याआधी काठच्या राष्ट्रांनी प्रस्ताव सक्षम आंतरराष्ट्रीय संघटनेकडे स्वीकृतीसाठी पाठवावा. संघटना काठच्या राष्ट्रांशी सहमती झालेल्याच मार्गिका वा योजना स्वीकारू शकते. त्यानंतर राष्ट्रे त्या अमलात आणू शकतात.

येथे कलमाचा कणा आहे. 'सक्षम संघटना' म्हणजे लंडनची आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, आयएमओ. करारात तिचे नाव नाही, पण अर्थाविषयी वाद नाही. आता हे पोटकलम कलम २२ शेजारी ठेवून वाचावे. तेथे नेहमीच्या प्रादेशिक समुद्रासाठी नियम आहे, आणि किनारी राष्ट्राने संघटनेच्या शिफारशी फक्त विचारात घ्यायच्या आहेत. येथे मात्र स्वीकृती लागते. याचा अर्थ, पाणी स्वतःचे असले तरी सामुद्रधुनीत राष्ट्राचा एकट्याचा शब्द पुरत नाही.

उलट बाजूही तितकीच पक्की आहे. संघटनेला स्वतःहून योजना लादता येत नाही. म्हणजे प्रस्ताव राष्ट्रांचा, स्वीकृती संघटनेची, अंमल पुन्हा राष्ट्रांचा. या तीन पायऱ्यांतली एकही गाळता येत नाही.

(५) योजना दोन वा अधिक काठच्या राष्ट्रांच्या पाण्यातून जाणार असेल, तर त्या राष्ट्रांनी संघटनेशी सल्लामसलत करून प्रस्ताव तयार करण्यात सहकार्य करावे.

पहिल्या पोटकलमात 'शकतात' होते, येथे 'करावे' आहे. म्हणजे अधिकार एकेकट्याचा, पण पाणी सामाईक होताच कर्तव्य सुरू. सहकार्य म्हणजे एकमत नव्हे. करार एकमताची हमी मागत नाही, प्रामाणिकपणे एकत्र बसण्याची मागतो. मात्र चौथे पोटकलम सोबत वाचले की परिणाम कळतो: सहमतीवाचून स्वीकृती नाही. म्हणजे सहकार्य फसले तर योजनाच होत नाही.

'दोन वा अधिक राष्ट्रांच्या पाण्यातून' याचे दोन अर्थ संभवतात. पहिला, मार्गिका प्रत्यक्ष ज्यांच्या पाण्यात आहे तेवढीच राष्ट्रे. दुसरा, सामुद्रधुनीच्या काठावरची सगळीच. होर्मुझची सामुद्रधुनी पाहावी. तेथील योजना मुसंदमजवळ ओमानच्या पाण्यात आहे, समोरचा काठ इराणचा. पहिल्या अर्थाने तेथे हे कर्तव्य लागत नाही. शब्द पहिल्याच अर्थाच्या बाजूचे आहेत, आणि तोच घ्यावा. पण समोरच्या काठाला विश्वासात न घेता आखलेली वाट कायद्याने निर्दोष असली, तरी व्यवहारात कच्ची राहते.

सहकार्य कसे दिसते ते मलाक्का आणि सिंगापूरच्या सामुद्रधुन्यांत पाहावे. इंडोनेशिया, मलेशिया आणि सिंगापूर यांनी १९७१ मध्ये सहकार्याचे संयुक्त निवेदन केले. १९७५ मध्ये 'शोवा मारू' हे जपानी तेलवाहू जहाज सिंगापूरजवळ तळाला लागले आणि तेल सांडले. या अपघातानंतर तिन्ही राष्ट्रांनी मिळून मांडलेली योजना संघटनेने १९७७ मध्ये स्वीकारली. ती १९८१ मध्ये लागू झाली. मोठ्या जहाजांच्या तळाखाली किमान ३.५ मीटर पाणी हवे, ही अटही तीत होती. १ डिसेंबर १९९८ पासून जहाजांनी किनाऱ्यावरील केंद्रांना आपली खबर देणे तेथे सक्तीचे झाले. हा क्रम मूळ कराराच्या आधी सुरू झाला. म्हणजे पाचवे पोटकलम निव्वळ कल्पनेतून आलेले नाही, चाललेली रीत त्यात शब्दबद्ध झाली आहे.

(६) सर्व मार्गिका आणि योजना नाविक नकाशांवर स्पष्ट दाखवाव्यात, नकाशांना रीतसर प्रसिद्धी द्यावी.

जे नकाशावर नाही ते पाळण्याची अपेक्षा कोणाकडून करणार? 'स्पष्ट' हा शब्द म्हणून हलका घेऊ नये.

(७) पारगमन करणाऱ्या जहाजांनी, या कलमाप्रमाणे स्थापन झालेल्या लागू मार्गिका आणि योजनांचा मान राखावा.

आत्तापर्यंतची वाक्ये राष्ट्रांना वा संघटनेला उद्देशून होती. जहाज येथे प्रथमच कर्ता होते. 'मान राखावा' याचा अर्थ केवळ मार्गिकेतून जावे एवढा घेतला तर तो अपुरा आहे. दहाव्या नियमाप्रमाणे योजना न वापरणाऱ्या जहाजाने तिच्यापासून शक्य तितके लांब राहायचे असते. म्हणजे मान राखण्यात वापरणे आले, आणि न वापरताना दूर राहणेही आले.

हा मान नसला तर काय होते? डोव्हरची योजना १९६७ पासून होती, पण ऐच्छिक. जानेवारी १९७१ मध्ये 'पाराकास' हे जहाज उलट दिशेच्या मार्गिकेतून आले आणि 'टेक्साको कॅरिबियन' या तेलवाहू जहाजाला धडकले. दुसऱ्याच दिवशी 'ब्रांडेनबुर्ग' त्या बुडालेल्या अवशेषांवर आदळून बुडाले. पुढच्या महिन्यात 'निकी' तसेच गेले. तिन्ही प्रसंगांत खलाशी मेले. आखलेली वाट आणि पाळलेली वाट यांत एवढे अंतर आहे.

शेवटी 'या कलमाप्रमाणे स्थापन झालेल्या' हे शब्द तोलावेत. याचा अर्थ, जहाजाचे कर्तव्य आपोआप उभे राहत नाही. गरज होती का, नियमांशी मेळ होता का, स्वीकृती मिळाली का, शेजाऱ्याशी बोलणे झाले का, नकाशावर दाखवले का, या प्रश्नांना होकार मिळाला की मगच या कलमाची आज्ञा जहाजाला बांधते. सातव्या पोटकलमातील आज्ञेचे बळ अशा रीतीने आधीच्या सहांनी मिळवलेले आहे. उद्या जहाजाच्या ब्रिजवर उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणून हे कलम एकदा शेवटाकडून सुरुवातीकडेही वाचावे. आपण कोणाचा हुकूम पाळतो आहोत, याचे उत्तर त्याला मिळेल: कोण्या एका काठाचा नव्हे, काठांनी मिळून मांडलेल्या आणि जगाने मान्य केलेल्या वाटेचा.