विनामूल्य प्रवेश : स्कॉटलंडमधील एक पुस्तकांचे गाव

स्कॉटलंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, खाडीच्या काठी, विग्टाउन नावाचे एक गाव आहे. कागदोपत्री ते शहर. राजाची सनद मिळालेले, आणि एके काळी परगण्याचे मुख्य ठिकाण. पण वस्ती म्हणाल तर हजाराच्या आसपास. आपल्याकडे त्याला कोणी मोठे गावसुद्धा म्हणणार नाही. मधोमध लांबरुंद चौक, भोवती दगडी घरे आणि जुन्या कचेरीची भारदस्त इमारत. या गावात 1999 सालापासून शरद ऋतूच्या सुरुवातीला पुस्तकांचा उत्सव भरत आला आहे. लेखक येतात, मांडव पडतो, व्याख्याने होतात. पुष्कळ कार्यक्रमांना तिकीट असते. काहींना मात्र नसते. मुलांसाठी गोष्टी, एखादे प्रदर्शन, कवितावाचन, अशा ठिकाणी कोणीही यावे आणि बसावे. आपल्याला बोलायचे आहे ते या तिकीट नसलेल्या बैठकींबद्दल. कारण स्कॉटलंडात त्यांच्यामागे तीनशे वर्षांहून मोठा इतिहास उभा आहे.

प्रथम गावाची हकिगत सांगतो. 1950 साली विग्टाउनची प्रवासी रेल्वे बंद झाली. 1964 साली मालगाडीही गेली. 1975 साली राज्यकारभाराची फेररचना होऊन जुने परगणेच मोडले, तेव्हा कचेरीचा उरलासुरला रुबाबही संपला. शेजारच्या ब्लॅडनॉख येथील दुधाचा कारखाना बंद पडला, आणि 1817 सालची मद्याची भट्टी 1993 साली थंडावली. (ती पुढे पुन्हा पेटली, ही गोष्ट निराळी.) काम गेले की तरुण जातात, तरुण गेले की दुकाने जातात, चौकातली घरे ओस पडू लागली. अशा वेळी पुस्तकांच्या गावाची कल्पना पुढे आली. वेल्सच्या सीमेवरील हे-ऑन-वाय या गावात रिचर्ड बूथ या गृहस्थांनी 1960 नंतर जुन्या पुस्तकांची दुकाने थाटून गाव जगाच्या नकाशावर आणले होते. तसे एक गाव स्कॉटलंडातही असावे म्हणून चढाओढ झाली, आणि 1997 साली विग्टाउनची निवड झाली. हे-ऑन-वायचाच कित्ता पुढे आपल्या पाचगणीजवळच्या भिलार गावाने 2017 साली गिरवला. फरक एवढाच, की भिलारच्या घराघरांत पुस्तके विकायला नव्हे, तर फुकट वाचायला ठेवली.

आता फुकट म्हटले की आपल्या मनात थोडी शंका येते. फुकटाची किंमत राहत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. स्कॉटलंडातील जुने लोक काय म्हणत होते ते पाहू.

क्रीफ गावाजवळ इनरपेफ्री नावाचे ठिकाण आहे. गाव कसले, एक देऊळ, एक शाळा आणि भोवती शेते. तिथे 1680 च्या सुमारास डेव्हिड ड्रमंड या सरदाराने आपली सुमारे चारशे पुस्तके देवळात ठेवली आणि ती आसपासच्या लोकांना वाचायला खुली केली. वर्गणी नाही, अनामत नाही. पुढे 1762 साली त्यांच्यासाठी स्वतंत्र इमारत बांधून झाली. 1747 पासून इथल्या वाचकांची वही आहे, आणि ती 1968 पर्यंत चालली. या वहीत पाद्री आणि शाळामास्तर तर आहेतच. पण विणकर आहेत, रंगारी आहेत, गवंडी आहेत, घरगडी आहेत. पुस्तक नेणाऱ्याने त्यात स्वतःच्या हाताने लिहायचे, की हे पुस्तक मी नेले आहे आणि मुदतीत परत करीन. फुकट होते खरे, पण शब्द द्यावा लागत होता. मला तर वाटते, ती सही हेच तिथले मोल होते.

दुसरी तऱ्हा लेडहिल्सची. डोंगरात उंचावर वसलेले हे शिशाच्या खाणीचे खेडे. इथे 1741 साली खाणकामगारांनी, गावचा पाद्री आणि शाळामास्तर यांना बरोबर घेऊन, वाचनसंस्था काढली. इथे मात्र वर्गणी होती. पुस्तके कोणा सरदाराच्या दानातून नव्हे, कामगारांच्या घामातून आली. कामाची पाळी सहा तासांची, त्यामुळे वाचायला उजेड आणि सवड दोन्ही उरत. 1803 साली कवी वर्ड्स्वर्थ यांची बहीण डोरोथी भावाबरोबर त्या भागातून गेली, तेव्हा कामगारांच्या या ग्रंथालयात शेक्सपिअरही आहे असे ऐकून ती चकित झाली. पाहुण्यांना आश्चर्य वाटले. सांगणाऱ्याला त्यात काहीच विशेष वाटले नाही!

हीच तऱ्हा कवी रॉबर्ट बर्न्स यांनीही चालविली. एलिसलँडला शेती करीत असताना त्यांनी शेजारचे जमीनदार रॉबर्ट रिडल यांच्या साहाय्याने कुळांसाठी वाचनमंडळ काढले. प्रवेशाला पाच शिलिंग, आणि दर चार आठवड्यांनी भरणाऱ्या बैठकीला सहा पेन्स. खजिनदार बर्न्स, ग्रंथपालही बर्न्सच. हे शेत आज विग्टाउनच्याच जिल्ह्यात मोडते.

म्हणजे एकीकडे वरून आलेले दान, दुसरीकडे खालून जमलेली वर्गणी. तिसरा प्रकार ग्लासगोचा, आणि आपल्या विषयाला तो सर्वांत जवळचा. जॉर्ज बर्कबेक या तरुण प्राध्यापकाने 1800 साली कारागिरांसाठी विनामूल्य व्याख्याने सुरू केली. जाणकारांनी नाके मुरडली. हे लोक येणार नाहीत. आले तर ऐकणार नाहीत. ऐकले तरी त्यांना कळणार नाही, असा सूर होता. पहिल्या दिवशी पंचाहत्तर जण आले; चौथ्या व्याख्यानाला पाचशे! याच विचारातून पुढे कारागिरांच्या संस्था निघाल्या, 1821 साली एडिंबरोला, 1823 साली ग्लासगोला, आणि मग साम्राज्याबरोबर दूरवर. मुंबईत टांकसाळ आणि सरकारी गोदी यांतल्या तंत्रज्ञांनी 1847 साली अशीच संस्था काढली. काळा घोड्यापाशी 1870 साली पुरी झालेली तिची इमारत आपण रोज पाहतो. तेच डेव्हिड ससून ग्रंथालय. आणि गंमत पहा, काळा घोडा कलामहोत्सव सुरू झाला तोही 1999 सालीच. त्यातल्या साहित्याच्या बैठकी या ग्रंथालयाच्या बागेत भरत आल्या आहेत, आणि त्यांनाही तिकीट नाही.

पुन्हा विग्टाउनला येऊ. उत्सवाला पैसा लागतो, हे उघड आहे. लेखकाचा प्रवास, मांडवाचे भाडे, दिवाबत्ती ही फुकट होत नाहीत. तिकिटे, देणग्या आणि सरकारी मदत यांवर असा उत्सव उभा राहतो, आणि गावकरी स्वयंसेवक म्हणून राबतात. तेव्हा हिशेबनीस म्हणेल, पाच-पन्नास आसने फुकट कशाला घालवता? तिकीट घेणारा लांबून मोटार घेऊन येतो, तो चार पुस्तकेही नेतो. हे बोलणे अगदीच चुकीचे नाही. गाव जगवायला बाहेरचा पैसा हवाच होता. त्यासाठीच हा सारा खटाटोप झाला. पण सगळेच दरवाजे तिकिटाचे केले, तर गावात उत्सव भरेल आणि गाव मात्र बाहेर चहाची भांडी विसळत उभे राहील. ज्या घरात चार मुले आहेत, त्या घराला सहा तिकिटे म्हणजे आठवड्याचा बाजार. शिवाय मोठ्या लेखकाच्या सभेला तिकीट काढून जाण्याइतकी ओढ ज्याला अजून लागलेलीच नाही, त्याला ती लागावी कुठे? दारावरून जाताना डोकावून, मागच्या बाकावर बसून, नको वाटले तर उठून जाऊनच ती लागते. उठून जाण्याची ही मोकळीक तिकीट काढलेल्या माणसाला नसते. पैसे वसूल व्हायला हवेत म्हणून तो कंटाळूनही बसून राहतो.

ग्लासगोच्या त्या पाचशे कारागिरांतले किती जण शेवटपर्यंत टिकले, हा प्रश्न माझ्या मते गौण आहे. चौथ्या व्याख्यानाला जो आला, त्याला बहुधा पहिल्या व्याख्यानाला गेलेल्या सोबत्याने सांगितले असणार, अरे चल, दारात कोणी अडवीत नाही.