हिमवादळ

हिमवादळ ही जोरदार वारा आणि हवेत उडणारे हिम यांच्या एकत्रित परिणामामुळे उद्भवणारी हिवाळी आपत्ती आहे. केवळ मोठ्या हिमवृष्टीस हिमवादळ म्हणत नाहीत. वारा हा त्याचा आवश्यक घटक होय. उत्तर अमेरिकेतील रॉकी पर्वत आणि त्याच्या पूर्वेस पसरलेला 'ग्रेट प्लेन्स' हा मैदानी प्रदेश हिमवादळांसाठी विशेष ओळखला जातो.

व्याख्या

अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या निकषानुसार ताशी ५६ किमी (३५ मैल) किंवा त्याहून अधिक वेगाचे वारे आणि हिमामुळे सुमारे ४०० मीटरपेक्षा कमी झालेली दृश्यता ही स्थिती किमान ३ तास टिकल्यास तिला हिमवादळ म्हणतात. तापमान किंवा साचलेल्या हिमाची जाडी यांचा या निकषात समावेश नाही. कॅनडामध्ये वाऱ्याची मर्यादा ताशी ४० किमी असून ही स्थिती बहुतेक भागांत किमान ४ तास टिकावी लागते.

निर्मिती

पश्चिमेकडून येणारी हवा रॉकी पर्वत ओलांडून खाली उतरते, तेव्हा पूर्व उतारालगत, विशेषतः कोलोरॅडो व आल्बर्टा या भागांत, कमी दाबाचे क्षेत्र तयार होते. त्याच्या मागून आर्क्टिक प्रदेशातील थंड हवा दक्षिणेकडे येते, तर मेक्सिकोच्या आखातावरून बाष्पयुक्त हवा उत्तरेकडे सरकते. दाबातील फरक जितका तीव्र, तितका वारा वेगवान होतो. मैदानात वाऱ्याला अडविणारे डोंगर किंवा दाट वने फारशी नसल्याने त्याचा जोर टिकून राहतो. १३ मार्च २०१९ रोजी अशाच एका वादळात कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे ताशी सुमारे १५४ किमी वेगाचा झोत नोंदविला गेला.

आधी पडलेले भुसभुशीत हिम वाऱ्याने उडू लागल्यास नवी हिमवृष्टी न होताही हिमवादळ होऊ शकते. अशा वेळी वर आकाश निरभ्र असले, तरी जमिनीलगत काहीही दिसत नाही.

धोके

आकाश, क्षितिज व जमीन एकसारखी पांढरी दिसू लागल्याने दिशाभान नष्ट होते आणि माणूस घरापासून काही पावलांवरही वाट चुकू शकतो. वारा शरीरातील उष्णता झपाट्याने काढून घेतो. तापमान −२०° से. असताना ताशी ५६ किमी वाऱ्यात उघड्या त्वचेला सुमारे −३६° से. इतकी थंडी जाणवते. त्यामुळे हिमदंश होतो, तसेच शरीराचे तापमान घसरून मृत्यूही ओढवू शकतो. पर्वतीय भागात वाऱ्याने वाहून आणलेले हिम आडोशाच्या उतारांवर साचते आणि हिमस्खलनाचा धोका वाढतो.

उल्लेखनीय घटना

१२ जानेवारी १८८८ रोजी डाकोटा, नेब्रास्का व मिनेसोटा या भागांत आलेले वादळ 'शाळकरी मुलांचे हिमवादळ' म्हणून ओळखले जाते. त्या दिवशी सकाळी हवा उबदार असल्याने अनेक जण पुरेशा गरम कपड्यांविना बाहेर पडले होते. शीत आघाडी अचानक येऊन धडकली, तेव्हा अनेक ठिकाणी मुले शाळेत किंवा घरच्या वाटेवर होती. मृतांची संख्या साधारणपणे २३५ मानली जाते. नेब्रास्कातील तरुण शिक्षिका मिनी फ्रीमन यांनी आपल्या विद्यार्थ्यांना एका शेतघरापर्यंत सुखरूप नेले.

फेब्रुवारी १९७२ मध्ये इराणमधील हिमवादळात सुमारे ४,००० लोक मृत्युमुखी पडले. ऑक्टोबर २०१४ मध्ये विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यावर धडकलेल्या 'हुदहुद' चक्रीवादळाच्या अवशेषांमुळे नेपाळच्या अन्नपूर्णा परिसरात हिमवादळ व हिमस्खलन होऊन किमान ४३ जणांचा बळी गेला. मृतांत गिर्यारोहक व पदभ्रमण करणाऱ्यांचा समावेश होता.

खबरदारी

वायोमिंगमध्ये १९७० साली खुल्या झालेल्या आंतरराज्य महामार्ग ८० च्या एका भागावर उडत्या हिमाचा मोठा त्रास होऊ लागल्याने १९७१ पासून तेथे हिमरोधक कुंपणे उभारण्यात आली. कुंपणामुळे वाऱ्याचा वेग मंदावतो व हिम रस्त्यावर येण्यापूर्वीच साचते.

इशारा मिळाल्यावर प्रवास टाळणे हा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. वाहन अडकल्यास त्यातच थांबून मदतीची वाट पाहावी. उष्णतेसाठी इंजिन थोडा थोडा वेळच चालू ठेवावे आणि त्यापूर्वी धूर बाहेर टाकणाऱ्या नळीभोवतीचे हिम काढावे. अन्यथा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू वाहनात साठू शकतो.