अंगणात भरलेली आईबापांची शाळा

भावनगरचे गिजुभाई बधेका मूळचे वकील. 1913 साली मुलगा झाला आणि त्याला शिकवायचं कसं, या काळजीपोटी ते बालशिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरींच्या पुस्तकांपर्यंत पोचले. 1920 साली त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर उघडलं. पुढे लोक त्यांना प्रेमाने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशाळ आई, म्हणू लागले.

बालमंदिरात मूल आपल्या हाताने पाणी वाढून घ्यायचं. घरी मात्र त्याच्या वाट्याला धाक आणि चापट. ही ओढाताण थांबवायची तर आईबापांनाच शिकवायला हवं, हे गिजुभाईंनी ओळखलं. ‘माबाप थवुं आकरुं छे’, आईबाप होणं कठीण आहे, असं पुस्तकच त्यांनी लिहिलं. राजकोटमधलं अध्यापन सोडून ताराबाई मोडक त्यांच्याकडे आल्या. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला आणि ‘शिक्षणपत्रिका’ हे मासिक पालकांच्या घरी जाऊ लागलं. ताराबाईंनी त्याची मराठी आवृत्ती चालवली, नंतर दादरला शिशुविहार काढलं.

पण मासिक वाचायला अक्षरओळख लागते.

1945 साली ताराबाई बालवाडी काढायला बोर्डीला गेल्या; शिक्षिका अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातलं हे समुद्रकाठचं गाव. तिथल्या गरीब वस्त्यांतली पोरं बालवाडीकडे फिरकत नव्हती. फिरकणार कशी? धाकटं भावंड कडेवर, नाहीतर शेळ्या राखायच्या. मग बाईच पाड्यावर गेल्या आणि शाळा अंगणात भरली. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे आले. पोरांची नखं काढणं, अंघोळ, वेणीफणी सगळं उघड्यावर, दारात उभ्या असलेल्या आयांच्या डोळ्यांदेखत. त्यांना कुणी व्याख्यान दिलं नाही. खडे मोजताना चुकलेल्या पोराला बाई रागावत नाहीत, पुन्हा मोजू देतात, हे त्या काम करता करता पाहत होत्या. पालकशिक्षणाची इतकी साधी आणि इतकी अचूक आखणी क्वचितच झाली असेल. शिकणाऱ्याची सवड आणि जागा आधी पाहिली, धडा नंतर ठरवला.

1957 साली काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांजवळ हललं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी अनुताईंनी कुरणातच शाळा भरवली.

केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणातल्या त्या शाळेची आठवण देणारं नाव मिळालं, ‘अंगणवाडी’. ताराबाई दोन वर्षांपूर्वीच गेल्या होत्या.