ॲन्टेना उतरला, जागा कोणाची?

पहूरला यायचं म्हटलं की आम्हाला अजून पीजेच आठवते. पाचोरा ते जामनेर, ५६ किलोमीटर, अडीच फुटांचा रूळ. शेंदुर्णी गेली की पहूर. २०२० च्या टाळेबंदीत गाडी थांबली आणि आता त्या मार्गाच्या रुंदीकरणाची भाषा आहे. पट्टा तोच, त्यावरची गाडी वेगळी. जमिनीवरच्या या बदलाची तुम्हा पहूरकरांना खडान् खडा माहिती आहे. कोणाच्या शेताची मोजणी झाली, फाटक कुठे येणार, मोबदला किती, हे पारावरचं पोरसुद्धा सांगेल. पण असंच एक रुंदीकरण गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या डोक्यावर झालं, आणि त्याची चर्चा ना पारावर झाली, ना आमच्या स्टाफरूममध्ये. आज त्याविषयी बोलायचं आहे.

आधी एका शब्दाचा निकाल लावू. आपली वर्तमानपत्रं अनेक वर्षं ‘ध्वनिलहरींचा लिलाव’ असं छापत आली. ध्वनीचा लिलाव कोणी करत नाही. तसं असतं तर आमच्या वर्गातली मागची बाकं सर्वांत महाग गेली असती! लिलाव होतो तो रेडिओलहरींच्या पट्ट्यांचा, म्हणजे अमुक वारंवारतेपासून तमुक वारंवारतेपर्यंत प्रक्षेपण करण्याच्या हक्काचा. इंग्रजीत स्पेक्ट्रम म्हणतात, आपणही तोच शब्द वापरू.

भारतात दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत सुरू झाली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ चं. खान्देशाला मात्र बराच काळ या गोष्टी फक्त ऐकूनच माहीत होत्या. १९८३ च्या ऑगस्टमध्ये इन्सॅट-१बी उपग्रह वर गेला, आणि १९८४ मध्ये देशभर लहान शक्तीची सहक्षेपण केंद्रं उभारण्याची मोहीम निघाली. काही महिने तर दिवसाला एक केंद्र या वेगानं. उपग्रहावरून दिल्लीचा कार्यक्रम उतरवायचा आणि पंधरा-वीस किलोमीटरच्या परिघात पसरवायचा, एवढंच त्या केंद्राचं काम. त्या परिघाबाहेरच्या गावांनी काय करायचं? बांबू उंच करायचा.

१९८७ साली ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. रविवारी सकाळी घरमालकांचा मुलगा पत्र्यावर चढायचा, खाली अंगणात एक जण, दारात एक जण, आणि आत टीव्हीसमोर आजी. “आलं का?” “नाही.” “आता?” “आलं आलं... गेलं!” ही साखळी ज्यांनी अनुभवली त्यांना स्पेक्ट्रम म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही. ॲन्टेनाच्या आडव्या काड्या आठवा. त्यांची लांबी कोणी हौसेनं ठरवलेली नव्हती. दूरदर्शनचा एक मोठा पट्टा १७४ ते २३० मेगाहर्ट्झचा. २०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी दीड मीटर, म्हणून काडी तिच्या निम्मी, साधारण पाऊण मीटर. ४७० च्या वरच्या पट्ट्यात काड्या आखूड होत जातात, ६०० ला तर वितीपेक्षा जरा मोठ्या. म्हणजे लोकांनी स्पेक्ट्रम हातानं मोजला होता, फक्त त्याला नाव नव्हतं.

आता या टीव्हीच्या पट्ट्यावर मोबाइल कंपन्यांचा डोळा का? वारंवारता जितकी कमी, तितकी लहर दूर जाते आणि भिंतीतून आत शिरते. ७०० मेगाहर्ट्झचा एक मनोरा जेवढं क्षेत्र सांभाळतो, तेवढ्यासाठी ३३०० मेगाहर्ट्झचे कितीतरी मनोरे लागतात. शहरात माणसं दाट, तिथं मनोरे परवडतात. वाघूरच्या काठानं, अजिंठ्याच्या डोंगरापायथ्याशी विखुरलेल्या वस्त्यांना परवडतो तो खालचाच पट्टा. म्हणून या पट्ट्याचा प्रश्न मुळात खेड्याचा प्रश्न आहे. आमच्या सगळ्या बोलण्याचा खुंटा हाच.

बाहेरच्या देशांत काय झालं ते थोडक्यात. डिजिटल तंत्रात जुन्या एका चॅनेलच्या जागेत अनेक चॅनेल मावतात, म्हणून जुनं ॲनालॉग प्रक्षेपण बंद केलं की पट्टा मोकळा होतो. अमेरिकेनं १२ जून २००९ ला मोठ्या केंद्रांचं ॲनालॉग प्रक्षेपण बंद केलं. मोकळ्या होणाऱ्या ७०० च्या पट्ट्याचा लिलाव त्याआधीच, २००८ मध्ये, झाला आणि १९ अब्ज डॉलरच्या आसपास रक्कम आली. पण जुना टीव्ही असलेल्यांना डबा घेण्यासाठी ४० डॉलरची कुपनं दिली. ब्रिटननं २००७ ते २०१२ अशी पाच वर्षं प्रदेशाप्रदेशानं बदल केला आणि पंच्याहत्तरीच्या वरच्या लोकांना मदतीची वेगळी योजना काढली. आमच्या वयाच्या माणसाला हे वाचताना बरं वाटतं, इतकंच म्हणतो. मुद्दा असा की तिथं बंद होण्याचा एक दिवस होता, आणि तो दिवस घराघरात माहीत होता.

आपल्याकडे क्रम उलटा झाला. दूरदर्शननं ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा फारसा वापरलाच नव्हता, त्याचा संसार बहुतेक खालच्या पट्ट्यांत. २००७ च्या जागतिक रेडिओ परिषदेत ६९८ ते ८०६ हा पट्टा मोबाइलसाठी मानणाऱ्या देशांत भारतही होता. त्यामुळे ॲनालॉग चालू असतानाच हा पट्टा २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये लिलावात मांडता आला. राखीव किंमत देशभरासाठी दर मेगाहर्ट्झला ११,४८५ कोटी रुपये. मांडलेला पट्टा ३५ मेगाहर्ट्झ. गुणाकार करा, चार लाख कोटींच्या वर जातो. बोली किती आल्या? शून्य. २०२१ च्या मार्चमध्ये किंमत ६,५६८ कोटींवर उतरवली. पुन्हा शून्य. २०२२ मध्ये ३,९२७ कोटी केली, तेव्हा जिओनं १० मेगाहर्ट्झ सर्व २२ परिमंडळांत घेतले, ३९,२७० कोटींना. दुसरं कोणी आलं नाही. त्याच लिलावात ६०० चा पट्टाही पहिल्यांदा ठेवला होता, त्याला एकही बोली नाही.

इथं आमच्या विषयाची, तत्त्वज्ञानाची, थोडी लुडबूड होऊ द्या. वैशेषिकांनी नऊ द्रव्यांत आकाश मोजलं, त्याचा गुण शब्द सांगितला, आणि ते एक नि सर्वव्यापी म्हटलं. त्यांचं आकाश म्हणजे आपला स्पेक्ट्रम नव्हे, हे कबूल. पण साठवता न येणाऱ्या वस्तूचा मालक कसा व्हायचं, हा पेच तिथूनही दिसतो. कोळसा आज काढला नाही तर उद्या काढता येतो. स्पेक्ट्रमचं तसं नाही. काल न वापरलेली लहर काल संपली. म्हणजे २०१६ ते २०२२ ही सहा वर्षं खेड्यांसाठी सर्वांत उपयोगी असा पट्टा रिकामा राहिला, त्याचं नुकसान कुठल्याच खात्यावर दिसत नाही. तिजोरीत पैसे आले नाहीत आणि वाडीवर सिग्नलही आला नाही.

किंमत एवढी का ठेवली? आमच्या मते त्यामागे भीती होती. टूजी प्रकरणात महालेखापरीक्षकांचा २०१० चा अहवाल आला, त्यात १ लाख ७६ हजार कोटींच्या संभाव्य नुकसानीचा आकडा होता. २ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं १२२ परवाने रद्द केले. (फौजदारी खटल्यात पुढे २०१७ च्या डिसेंबरमध्ये सगळे आरोपी सुटले, ती गोष्ट निराळी.) त्यानंतर स्वस्तात दिल्याचा ठपका कोणता अधिकारी घेईल? महाग ठेवून न विकलं गेलं तर कोणी विचारत नाही. लोकांची मालमत्ता राखायची म्हणून ती कुलपात ठेवली. धान्य उंदरांनी खाऊ नये म्हणून कणगी बंद केली आणि घरातली माणसं उपाशी, असा तो प्रकार.

‘लोकांची मालमत्ता’ हे शब्द आमचे नाहीत. १९९३ च्या हीरो कप क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि माहिती खातं यांच्यात वाद पेटला. ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल आला. त्यातलं मुख्य निकालपत्र आपल्या न्यायमूर्ती पी. बी. सावंतांचं. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती मर्यादित आहे, म्हणून तिचा वापर लोकहितासाठी सार्वजनिक यंत्रणेनं नियंत्रित करावा, असं त्याचं सार. सरकारची मक्तेदारी नको, तशी धनवंतांचीही नको, असा तो दुहेरी विचार होता. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं तर लिहूनच टाकलं की केंद्र सरकार लोकांच्या वतीनं स्पेक्ट्रमचं मालक आहे. ‘लोकांच्या वतीनं’ हे दोन शब्द कायद्यात आहेत, पण मालकाला विचारायचं कसं, याची सोय आम्हाला त्यात सापडली नाही. रस्त्यासाठी झाड तोडायचं तरी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कागद लागतो.

आता आपल्या ॲन्टेनाचं काय झालं? तो कोणी बंद केला नाही, लोकांनीच उतरवला. आधी केबल आली, मग २००४ च्या डिसेंबरात दूरदर्शनची फुकट डिश आली, आणि पत्र्यावर काड्यांच्या जागी थाळी बसली. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये प्रसार भारतीनं जाहीर केलं की जवळजवळ ७० टक्के ॲनालॉग प्रक्षेपक आधीच बंद झाले आहेत, आणि पन्नास मोक्याची ठिकाणं सोडून उरलेले ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद होतील. त्यातून वर्षाला सुमारे १०० कोटी वाचतील असंही सांगितलं. निर्णय चुकीचा होता असं आम्ही म्हणणार नाही. ज्या प्रक्षेपकाकडे ॲन्टेनाच वळलेला नाही, त्याची वीज कशाला जाळायची? पण चाळीस वर्षांची एक सार्वजनिक व्यवस्था गेली आणि निरोपाला कोणी उभं नव्हतं. पीजेच्या शेवटच्या फेरीचं निदान लोकांना हळहळ वाटली.

आणि अजून सगळं वाटून झालेलं नाही. ५२६ ते ५८२ मेगाहर्ट्झचा तुकडा दूरदर्शनच्या वापरातला. दूरसंचार नियामकानं २०२२ मध्ये म्हटलं की तो एवढ्यात लिलावाला काढू नये, पण पुढे मोबाइलसाठी मोकळा करण्याची योजना करावी. दुसरीकडे प्रसार भारती आणि आयआयटी कानपूर यांनी त्याच भागात एक वेगळाच प्रयोग चालवला आहे. मोबाइलवर इंटरनेटशिवाय, सिम नसतानाही, थेट प्रक्षेपण पोचवायचं. बेंगळुरू, दिल्ली, नोएडा इथं चाचण्या झाल्या. मोबाइल कंपन्यांना हे रुचणं कठीण, कारण व्हिडिओ पाहायला जो डेटा विकला जातो त्यालाच हा फाटा. शिवाय आज हातात असलेल्या फोनमध्ये ते पकडायची चिप नाही, ही अडचण खरीच आहे. पण पूर आला, मनोऱ्यावर गर्दी झाली, नेट बसलं, तेव्हा एकाच प्रक्षेपकावरून लाखो हातांत सूचना पोचवण्याची ताकद प्रक्षेपणातच आहे. वाघूरला पाणी चढलेलं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना आम्ही हे काय सांगावं?

पैशांचा हिशोबही उघडा आहे. २०२२ च्या लिलावाची रक्कम वीस वार्षिक हप्त्यांत भरण्याची मुभा आहे, म्हणजे हप्ते २०४० च्या पुढे चालतील. त्याखेरीज कंपन्यांच्या उत्पन्नातला एक भाग ग्रामीण सेवेच्या निधीत जातो, ज्याचं नाव आता डिजिटल भारत निधी आहे. आपल्या तालुक्यात कोणत्या वस्तीवर अजून फोन लागत नाही, याची यादी मात्र दिल्लीत बसून होणार नाही. ती तुमच्याकडेच आहे.

मघाशी मागच्या रांगेतून एका मुलानं चिठ्ठी पाठवली आहे, “सर, मग आमच्या मळ्यात फाइव्हजी दाखवतं पण फोन का कटतो?” प्रश्न चांगला आहे. फोनवरचं चिन्ह आणि खरा पट्टा यांत फरक असतो. माईक त्याच्याकडे द्या, त्याचा मळा कुठे आहे ते आधी कळू द्या.