धरणे म्हणजे मागणं नव्हे, येणं!

कलेक्टर ऑफिससमोर मंडप पडला की आमची बातमी ठरलेली : 'विविध मागण्यांसाठी धरणे आंदोलन.' वर्षानुवर्षं मीही हेच लिहीत आलो. पण या शब्दाचा इतिहास बघितला तर धरण्यात मागणी नव्हतीच. होती ती वसुली.

शब्द आला 'धरणे' या साध्या क्रियापदावरून. धरून बसायचं, सोडायचं नाही. पूर्वी कुणी पैसे थकवले की घेणेकरी त्याच्या दारात जाऊन उपाशी बसायचा. तो उपाशी म्हटल्यावर रिवाजाप्रमाणे घरधन्यानंही जेवायचं नाही. मारहाण नाही, पण चारचौघांत अब्रू जायची. बसणारा ब्राह्मण असेल आणि दारातच मेला, तर ब्रह्महत्येचं पाप घरधन्याच्या माथी, ही धास्ती वेगळीच.

फौजेतही हेच. १८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीत असलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्यानं लिहून ठेवलंय, पगार थकला की शिपाई थेट धरणं धरून बसत. ते काही बक्षीस मागत नव्हते. केलेल्या चाकरीचे पैसे होते ते.

पुढं इंग्रजांनी १८६० च्या दंडविधानात, कलम ५०८ मध्ये, देवाच्या कोपाची भीती घालून कुणाला काही करायला लावणं गुन्हा ठरवलं. तिथं दिलेलं पहिलंच उदाहरण दारात धरणं धरणाऱ्याचं! कोपाची भीती मागं पडली, बसणं मात्र राहिलं.

मार्च १९३० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिराच्या बंद दारांपुढं बाया-माणसं बसली. तो सत्याग्रह पुढं काही वर्षं चालला. तेही दयेसाठी बसले नव्हते. माणूस म्हणून जो हक्क होता, तो अडवून ठेवला होता म्हणून बसले होते.

'ठिय्या' हा धरण्याचा भाऊबंद. ठाण, ठिकाण या शब्दांच्या कुळातला. एका जागी ठाण मांडायचं आणि हलायचं नाही. घेराव वेगळा. त्यात समोरच्याला कोंडतात. धरण्यात अन् ठिय्यात माणूस स्वतःलाच अडकवून घेतो.

आता आपल्या जिल्ह्याकडं बघा. २०२० च्या खरिपातलं सोयाबीन पावसानं गेलं. हप्ता भरलेला, तरी विम्यासाठी शेतकऱ्यांना हायकोर्टात जावं लागलं. निकाल बाजूनं लागूनही पैसे अडले, तेव्हा ऑक्टोबर २०२२ मध्ये ऐन दिवाळीत आमदार कैलास पाटील कलेक्टर ऑफिससमोर उपोषणाला बसले. यात मागणी कुठली? हप्ता घेतलाय, नुकसान झालंय, कोर्टानं सांगितलंय. हे सरळ सरळ येणं आहे.

मंडपात बसलेल्याला आपण 'मागणारा' म्हणतो, तिथंच त्याची बाजू पडते. साहेब खाली येतात, निवेदन घेतात, फोटो निघतो, आश्वासन मिळतं. मागणाऱ्याला आश्वासनावर घालवता येतं. घेणेकऱ्याला तारीख द्यावी लागते.

म्हणून इथून पुढं माझ्या बातमीत 'विविध मागण्या' नसतील. कुणाचं, किती आणि कधीपासून थकलंय, ते लिहीन. तुम्हीही मंडपात बसाल तेव्हा बॅनरवर तेवढंच लिहा.