राणीचा नेम आणि आपला नेम

आजच्या भागात एकच प्रश्न. रायफल हातात आली, नेम धरला, तर गोळी नेमकी किती जवळ लागायला हवी?

गेम खेळणाऱ्यांचं उत्तर मला माहितीये: 'क्रॉसहेअर ठेवला तिथेच!' हाच हिशोब डोक्यात घेऊन कुणी पहिल्यांदा रेंजवर गेलं, आणि पाच गोळ्या पाच ठिकाणी लागल्या, की वाटतं हे आपलं काम नाही. म्हणून जरा इतिहासात जाऊ या.

२ जुलै १८६०. लंडनजवळचं विम्बल्डन. टेनिस नाही हं, ते तिथं १८७७ मध्ये आलं. आदल्याच वर्षी स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशनची ही पहिली स्पर्धा, आणि पहिली गोळी झाडणार राणी व्हिक्टोरिया. अंतर ४०० यार्ड, म्हणजे साधारण ३६५ मीटर. गोळी लागली केंद्रापासून दोन इंचांच्या आत! टाळ्यांचा कडकडाट.

आता खरी गोष्ट ऐका. राणीने नेम धरलाच नव्हता. रायफल एका यंत्रावर घट्ट बसवून, आधीच नेम लावून ठेवली होती. राणीने फक्त रेशमी दोरी ओढली. म्हणजे ना श्वासाची हालचाल, ना हाताचा कंप, ना चाप ओढताना बसणारा हिसका. तो नेम रायफलचा होता, राणीचा नव्हता.

आणि रायफल तरी कुठली? मँचेस्टरचे इंजिनिअर जोसेफ व्हिटवर्थ यांची, आतून षटकोनी नळी असलेली. १८५७ मध्ये तिची तुलना लष्कराच्या एन्फिल्डशी झाली होती. एन्फिल्ड आठवते ना? शाळेत १८५७च्या धड्यात चरबी लावलेली काडतुसं वाचली, ती हिचीच. ५०० यार्डांवर एन्फिल्डच्या गोळ्या आपल्या घोळक्याच्या मध्यापासून सरासरी २७ इंच लांब पडल्या. व्हिटवर्थच्या? फक्त साडेचार इंच.

इथे 'सरासरी' हा शब्द पकडून ठेवा. ५०० यार्डांवर साडेचार, तर त्याच हिशोबाने ४०० वर साडेतीन इंच. राणीची गोळी दोन इंचांच्या आत! म्हणजे इतकी भारी रायफल, यंत्राचा आधार, आणि तरी त्या गोळीला थोडी नशिबाची साथ होतीच. एक गोळी काहीच सिद्ध करत नाही, मग ती केंद्रात लागो की बाहेर. खरं काय ते गोळ्यांचा घोळका सांगतो. रेंजवर त्यालाच 'ग्रुप' म्हणतात.

आता यंत्र काढा आणि माणूस आणा. १ ऑगस्ट २०२४, पॅरिस ऑलिंपिक. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ जिंकला. या प्रकारात दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, रुपयाच्या नाण्याच्या साधारण निम्म्या रुंदीचं. पात्रता फेरीत त्याने ६० गोळ्यांत ६०० पैकी ५९० गुण मिळवले. गुडघ्यावर बसून २०० पैकी १९८, झोपून १९७, उभं राहून १९५. रायफल तीच, डोळा तोच. पण उभं राहिलं की शरीर डुलतं, आणि ते टार्गेटवर दिसतं. जगातल्या सर्वोत्तम आठांत पोचणाऱ्याचेही दहा गुण जातात, मग पहिल्या दिवशी तुमचे किती जातील?

म्हणून मला वाटतं, रेंजवर गेलात तर 'दहा लागले का' हे आधी विचारू नका. दहा गोळ्या झाडा आणि घोळका बघा. सगळ्या एकाच कोपऱ्यात जवळजवळ लागल्या असतील तर खूश व्हा, साइट फिरवून तो घोळका मध्यावर आणता येतो. विखुरल्या असतील तर रायफलला दोष देण्याआधी ती टेकवून झाडून बघा. टेकवल्यावर घोळका लहान झाला, तर मधला फरक तुमचा. तो सरावाने कमी होतो, पण हळूहळू. आणि सगळ्यात भारी टार्गेटचा फोटो स्टेटसला खुशाल ठेवा, पण वहीत सरासरीच लिहा. पुढच्या महिन्यात तुलना त्या आकड्याशी करायची, राणीच्या गोळीशी नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!